खाऱ्या वाऱ्यात छोटा कॅमेरा

संध्याकाळी पाच-साडेपाचला मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाचा फोटो काढला की किल्ला काळा येतो. आभाळ छान, पाणी चमचमतं आणि मध्ये नुसती काळी पट्टी. पर्यटक स्क्रीनकडे बघतो, पुन्हा काढतो, पुन्हा तेच. मग साध्या कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. बिचाऱ्या कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही. किल्ला धक्क्यावरून नैर्ऋत्येच्या अंगाला आहे. दुपार कलली की सूर्य त्याच बाजूला उतरतो, हिवाळ्यात तर किल्ल्याच्या अधिकच जवळ. म्हणजे तटाची जी बाजू आपल्याला दिसते ती सावलीत असते आणि तिच्यामागे लख्ख उजेड. दहा लाखांचा कॅमेरा आणला तरी सूर्य जागचा हलणार नाही. किल्ल्याचे बुरुज, तटातले चिरे, दगडांचा पोत फोटोत यायला हवा असेल तर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान धक्क्यावर या. ऊन बाजूने पडतं, प्रत्येक बुरुज वेगळा उठून दिसतो. संध्याकाळी काळी आकृतीच घ्यायची, पण ती मुद्दाम घ्यायची. कशी, ते पुढे येईलच.

हा लेख खिशात मावणाऱ्या साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याबद्दल आहे. कॅननचा इक्सस, निकॉनचा कूलपिक्स, सोनीचा सायबर-शॉट हा त्या जातीचा माल. कोकणातल्या कितीतरी घरांत असा एखादा कॅमेरा कपाटात पडलेला सापडतो. मुंबईच्या चाकरमान्याने कधीतरी गणपतीला आणलेला असतो, मग मोबाइल आला आणि तो मागे राहिला. आता तरुण मुलंच तो शोधून काढू लागली आहेत. मोबाइल असताना हा कशाला, असं कुणी विचारलं तर किनाऱ्यावर तरी माझ्याकडे उत्तर आहे. याच्या भिंगाला खरा झूम असतो, फ्लॅश मोबाइलच्या दिव्यापेक्षा जोरदार असतो आणि मनगटात अडकवायला दोरी असते. होडीत बसताना ज्यात बँक, तिकीट आणि घरच्यांचे नंबर आहेत ती वस्तू खिशात सुरक्षित राहते, हा फायदा वेगळाच.

कपाटातला कॅमेरा बाहेर काढलात तर आधी बॅटरी बघा. फुगली असेल तर ती चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, सरळ नवी घ्या. कार्डाचंही बघावं लागतं. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे फक्त दोन जीबीपर्यंतचं जुनं एसडी कार्ड घेतात. त्यानंतरचे एसडीएचसी, म्हणजे बत्तीस जीबीपर्यंतचं. दुकानदाराने चौसष्टचं दिलं आणि कॅमेरा ते ओळखत नसेल तर बिघाड कॅमेऱ्यात शोधू नका. कार्ड घातल्यावर त्याच कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करा, अर्थात जुने फोटो आधी कुठेतरी उतरवून घेऊन. कार्डाच्या कडेला इवलीशी सरकपट्टी असते. ती ‘लॉक’कडे गेली असेल तर फोटो साठतच नाहीत. ‘कॅमेरा बिघडला’ म्हणून दुकानात आलेल्या कॅमेऱ्यांतला एखादा या पट्टीपायीच आलेला असतो.

आता बटणं. पुस्तिकेत शंभरावर पानं असतात, पण आपल्याला हाताशी हवीत ती तीनच कामं: शटरचं बटण अर्धं दाबणं, उजेड कमी-जास्त करणं आणि फ्लॅश आपल्या मर्जीने चालू-बंद करणं. बाकीचं गणपतीपर्यंत थांबलं तरी चालेल. त्याआधी एक करा, ‘ऑटो’मधून बाहेर या. मोड बदलायच्या जागी ‘पी’ किंवा ‘प्रोग्रॅम’ असेल तो निवडा. काही कॅमेऱ्यांवर त्यासाठी चकती असते, काहींवर छोटी कळ, काहींत मेनूत जावं लागतं. ऑटोमध्ये बरेचसे कॅमेरे उजेडाचा ताबा तुमच्या हाती देतच नाहीत. ‘पी’मध्येही कॅमेराच सगळं ठरवतो, फक्त तुमचं म्हणणं ऐकून घेतो.

शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं, हे पुष्कळांना वर्षानुवर्षं कॅमेरा वापरूनही ठाऊक नसतं. हलकेच अर्ध्यापर्यंत दाबलं की पीं-पीं होतं आणि स्क्रीनवर हिरवा चौकोन उमटतो. म्हणजे फोकस लागला. बहुतेक कॅमेऱ्यांत उजेडाचं मापही त्याच क्षणी ठरतं. बोट तसंच अर्धं दाबून ठेवलंत तर ही दोन्ही मापं कायम राहतात आणि कॅमेरा थोडा इकडेतिकडे वळवून हवी तशी चौकट बांधता येते. मग उरलेलं दाबा. एका दमात खटकन दाबणाऱ्याचा फोटो नेहमी उशिरा निघतो. स्वस्त कॅमेऱ्याला फोकस शोधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मासा उडी मारून जाळ्यात परत पडलेला असतो.

हे शिकायला रापणीसारखी जागा नाही. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन बाजूंना माणसं ओढायला लागतात. बराच वेळ काहीच घडत नाही. पाठी वाकलेल्या, पाय वाळूत रुतलेले, दोर हळूहळू आत येतोय. या वेळात घाई करू नका, ओढणाऱ्यांच्या वाटेतून आणि दोरापासून दूर राहा, आणि जाळ्याची पिशवी साधारण कुठे लागेल ते हेरा. तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या माणसाच्या पायांवर बटण अर्धं दाबून तयार राहा. पिशवी उथळ पाण्यात आली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी उकळल्यासारखं होतं, पेडवे-तारली उसळतात, कावळे-घारी घिरट्या घालतात, पोरं धावतात. तेव्हा बोट फक्त पुढे रेटायचं. सलग फोटो काढायची सोय असेल तर तीही याच वेळी चालू करा. फोटोला आधी विचारावं हे सांगायला नको, पण उत्तर ऐकायची तयारी ठेवा. वाटे लावत बसलेली म्हातारी हसून म्हणेल, “माझो नको, बांगड्यांचो काढ.” तर बांगड्यांचा काढावा.

दुसरं काम उजेडाचं. अधिक-वजाचं चिन्ह असलेलं जे बटण किंवा मेनूतली जी ओळ, तिला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. माझ्या मते कॅमेऱ्यातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित सोय हीच. कॅमेऱ्याची एक ठाम समजूत असते: जगातली प्रत्येक चौकट सरासरीने मध्यम करड्या रंगाची आहे. तुम्ही देवबागची पांढरी वाळू आणि लाटेचा फेस दाखवलात तर तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि वाळू मळकट करून टाकतो. उलट काळ्या कातळाने किंवा सावलीतल्या तटाने चौकट भरलीत तर त्याला वाटतं, अंधार झाला, आणि दगड राखेसारखा फिका होतो. म्हणून नियम पहिल्यांदा उलटा वाटतो. पांढरं दिसत असेल तर अधिककडे जायचं, काळं दिसत असेल तर वजाकडे. वाळूसाठी +०.७, कधी +१. काळ्या दगडासाठी -०.३ ते -०.७. या कॅमेऱ्यांत साधारण -२ ते +२ एवढा पल्ला मिळतो, एक-तृतीयांशाच्या पायऱ्यांनी. पूर्ण १ चा फरक म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

संध्याकाळच्या किल्ल्याचं आता सोपं झालं. -०.७ वर ठेवा, किंवा सूर्याच्या बाजूच्या आभाळावर (थेट सूर्यावर नव्हे) बटण अर्धं दाबा आणि मग किल्ला चौकटीत घ्या. किल्ला पुरता काळा होईल, पण आभाळाचा केशरी रंग धुतला जाणार नाही. पुढून एखादी होडी जात असेल तर तिची वाट बघा, मागच्या चमकत्या पाण्यावर तिची कड स्वच्छ उमटते. सूर्य पाण्याला टेकला की बहुतेक लोक उठून जेवायला निघतात. रंग मात्र पुष्कळदा त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी चढतो. तेव्हा कॅमेरा धक्क्याच्या कठड्यावर ठेवा, सेल्फ टायमर दहाऐवजी दोन सेकंदांचा लावा, म्हणजे बटण दाबताना होणारी थरथर फोटोत येत नाही.

या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यामुळे फार उजेडाचा भाग आणि फार सावलीचा भाग एकाच वेळी सांभाळणं त्याला जमत नाही. दोन्हींतलं एक सोडायचं असेल तर सावली सोडा. काळोखातलं थोडंफार पुढे उजळता येतं, पांढराफटक झालेला फेस काही केल्या परत येत नाही. कॅमेऱ्यात आलेखाची किंवा जळालेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय असेल तर तिच्यावर भरवसा ठेवा. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि दिसली तरी खोटं बोलते. मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र फार भुलू नका. अल्बममधल्या चार बाय सहा इंची फोटोला दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर पुरतं, बारा बाय आठला साडेआठ-नऊ.

किल्ल्यात शिरतानाही उजेडाचीच परीक्षा असते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर पायाभरणी झालेल्या या जलदुर्गाचा दरवाजा गोमुखी बांधणीचा. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात तो असा लपवलेला आहे की होडीतून जवळ येईपर्यंत सलग तटच दिसतो. ती लपवाछपवी फोटोत आणायची तर होडीतूनच दोन फोटो घ्या, एक लांबून आणि एक अगदी वळणावर. आत आलात की सावलीतल्या भिंती आणि वर आभाळाचा तुकडा. इथे भिंतीवर बटण अर्धं दाबा, आभाळ गेलं तर जाऊ दे. शिवाजी महाराजांचे म्हणून पुजले जाणारे हाताचे आणि पायाचे चुन्यातले ठसे घ्यायचे असतील तर फ्लॅश बंदच हवा. समोरून फ्लॅश पडला की खोलगटपणा नाहीसा होतो आणि ठसा सपाट दिसतो. बाजूने येणारा साधा उजेड पुरे. जवळचा फोटो म्हणून फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो लावा, पण झूम न करता. मॅक्रोची खरी जवळीक भिंग सर्वांत रुंद असतानाच मिळते. शिवराजेश्वराच्या देवळात मात्र आधी विचारा.

तिसरं बटण विजेच्या चिन्हाचं. साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही. तरीही जत्रेत शेवटच्या रांगेतून फ्लॅश उडत असतात. त्या उजेडात पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं उजळतं. उलट जिथे फ्लॅश खरोखर कामाला येतो तिथे कुणी तो लावत नाही. भर दुपारी चिवल्याच्या किनाऱ्यावर टोपी घातलेल्या मुलाचा चेहरा काळा येतो, मावळतीसमोर उभं केलेलं जोडपं भुतासारखं दिसतं. अशा वेळी फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता सक्तीने चालू करा आणि माणसं दोन मीटरच्या आत उभी करा. चेहरे उजळतील, मागचा समुद्रही राहील.

दशावताराला फ्लॅश नको तो नकोच. कलाकाराच्या डोळ्यांवर येतो हे एक, आणि रंगवलेल्या चेहऱ्याची सगळी रेखा पुसून तो पिठासारखा पांढरा करून टाकतो हे दुसरं. दहीकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकाला, शक्य तितकं पुढे बसा, झूम पूर्ण मागे घ्या, आयएसओ ८०० वर, फार तर १६०० वर न्या. चित्रात दाणे येतील, येऊ देत. काळोख्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा इथेही फसतो आणि चेहरे जाळतो, म्हणून -०.७ किंवा -१. शटर बहुधा सेकंदाच्या पंधराव्या-तिसाव्या भागापर्यंत खाली येतं, तेव्हा हलतं माणूस धूसर होणार हे धरून चाला. पण दशावतारात थांबण्याच्या जागा पुष्कळ असतात. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, बाकड्यावर येऊन बसतो, पदाची ओळ संपते, हार्मोनियम-पखवाज पुढे चालू राहतात आणि तो क्षणभर प्रेक्षकांवर नजर फिरवतो. तो क्षण आपला. युद्धात गिरक्या सुरू झाल्या की मात्र स्पष्ट फोटोचा हट्ट सोडा. तलवारीची धूसर रेघ आणि मध्ये स्थिर राहिलेला एखादा डोळा, एवढं मिळालं तरी रात्र वसूल.

झूमबद्दल थोडंच. ऑप्टिकल झूम म्हणजे भिंगाचा खरा झूम. त्यापुढचा डिजिटल म्हणजे चित्र कापून ताणणं, तो मेनूतून बंदच करून टाका. खरा झूम पूर्ण पुढे नेला तरी एक किंमत असते. भिंगाचं तोंड एफ ३.२ च्या आसपास असतं ते एफ ६.९ पर्यंत बारीक होतं, म्हणजे आत येणारा उजेड जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. म्हणून डॉल्फिन बघायला गेलात की पूर्ण झूम लावून पाण्यावर शोधत बसू नका. होडी हलते, हात हलतो आणि तो वर येऊन गेलेला असतो. झूम अर्ध्यावर ठेवा, डोळे स्क्रीनवर नव्हे तर पाण्यावर ठेवा. तो पुन्हा वर येण्याची शक्यता आधीच्या दिशेलाच पुढे असते.

रंगांचं एकच सांगतो. मासळीचा लिलाव निळ्या ताडपत्रीखाली चाललेला असतो आणि पापलेटापासून माणसापर्यंत सगळे निळे येतात. व्हाइट बॅलन्स ‘ढगाळ’वर आणा. तेवढ्यानेही भागलं नाही तर ‘कस्टम’ निवडून ताडपत्रीखालीच एखादा पांढरा कागद दाखवा. जेवणाच्या ताटाला खिडकीजवळची जागा पकडा. तिखल्यावरच्या तेलात फ्लॅशचा पांढरा ठिपका दिसला की भूकच जाते.

कॅमेरा धरायचा दोन्ही हातांनी, कोपरं बरगड्यांना टेकवून. हात लांब करून दोन बोटांच्या चिमटीत धरायची सवय मोबाइलची आहे. कॅमेरा छोटा असल्यामुळे डाव्या हाताचं बोट हमखास फ्लॅशवर किंवा भिंगाच्या कोपऱ्यात येतं, तिकडे लक्ष ठेवा. होडीत पाय ठेवण्याआधी दोरी मनगटात, चढून झाल्यावर नव्हे.

आता किनाऱ्याची खरी पीडा, खार आणि वाळू. खारा वारा दिसत नाही, पण तासाभरात भिंगावर धुकट पापुद्रा बसवतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून तो पापुद्रा वाळत नाही आणि बटणांच्या फटींतून आत जाऊन गंज धरतो. घरी किंवा मुक्कामी आलात की कॅमेरा बंद करा, गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बाहेरून पुसा, लगेच कोरड्याने पुसा. भिंगाला आधी रबरी फुग्याने हवा मारा, मगच चष्म्याचं मऊ कापड लावा. तोंडाने फुंकर नको, त्यात थुंकी जाते. सदऱ्याचं टोक किंवा साडीचा पदर तर मुळीच नको. कापडात अडकलेला वाळूचा एक कण भिंगावर कायमची रेघ ओढायला पुरेसा असतो.

या कॅमेऱ्यांची नाजूक जागा म्हणजे बाहेर सरकणारी नळी. दोन नळ्यांच्या फटीत वाळू गेली की भिंग अर्ध्यावर अडकतं आणि स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ येतं. वाळूवर बसताना कॅमेरा पँटच्या खिशात ठेवू नका. साधी चेन असलेली प्लॅस्टिकची पिशवी चांगल्या चामडी कव्हरापेक्षा इथे जास्त उपयोगी. अडकलंच तर भिंग हाताने ढकलू नका. बॅटरी काढा, भिंग खाली करून तळव्यावर हलकेच आपटा, फटीत हवा मारा, बॅटरी घालून पुन्हा चालू करून बघा. एक-दोनदा करून जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे. एसी खोलीतून दमट हवेत आणलेल्या कॅमेऱ्यावर बाष्प धरतं तेव्हाही घाई नको. निघण्याआधी पिशवीतच बंद करून बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं पिशवी उघडू नका.

पाण्याखालच्या फोटोंचा मोह तारकर्लीला सगळ्यांना होतो. साधा कॉम्पॅक्ट प्लॅस्टिकच्या स्वस्त पाऊचमध्ये घालून बुडी मारायची म्हणजे कॅमेरा समुद्राला वाहणं. त्यासाठी जलरोधक कॅमेरे वेगळे मिळतात, मॉडेलप्रमाणे दहा-पंधरा मीटरपर्यंत चालणारे. त्यांचीही झाकणाची रबरी पट्टी आधी तपासा, तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण असला तरी पाणी वाट काढतं. वर आल्यावर झाकण न उघडता गोड्या पाण्यात बुडवून धुवा. पाण्यात चार-पाच मीटरवरच लाल रंग विरू लागतो, म्हणून पाण्याखालचा मोड लावा आणि प्रवाळाच्या जवळ जा, पण हात किंवा पाय टेकवू नका. शिवाय इथे मालवणचं सागरी अभयारण्य आहे, तेही १९८७ पासूनचं.

साधा कॅमेरा पाण्यात पडलाच तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढा. गोड्या पाण्यात पडलेला कधीकधी वाचतो, खाऱ्यातला बहुधा नाही. कार्ड मात्र पुष्कळदा वाचतं. ते गोड्या पाण्याने विसळून सावलीत पूर्ण वाळू द्या आणि मगच वापरा.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तसा बहुतेकांचा कॅमेराही बंद पडून राहतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चामड्याच्या चपलेला बुरशी धरते तिथे भिंग कसं सुटेल? एकदा आतल्या काचेवर बुरशीचं जाळं पसरलं की ते काढायचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीवर जातो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा कव्हराशिवाय ठेवा. रंग बदलणारं जेल असेल तर निळ्याचं गुलाबी झालं की दमट झालं असं समजा. तव्यावर मंद आचेवर शेकलं की ते पुन्हा निळं होतं, फक्त तो तवा नंतर भाकरीला वापरू नका. तांदळात ठेवायचा उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील, पण तांदळाची पिठासारखी धूळ नळीच्या फटीत जाते. बॅटरी अर्धी भरून बाहेर काढून ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा कॅमेरा बाहेर काढून भिंग चार वेळा आतबाहेर करा, दहा-बारा फोटो काढा, पुन्हा डब्यात. नारळी पौर्णिमेनंतर परत हातात घ्याल तेव्हा आधी तारीख-वेळ बघा. मुख्य बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की आतलं घड्याळ पुसलं जातं, आणि मग गणपतीचे सगळे फोटो १ जानेवारीच्या मध्यरात्री काढल्यासारखे साठतात.